नवी काचपेटी आणि पिकलेले पाणी : गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीच्या पूर्वतयारीचा इतिहास (विशेष संदर्भ : मोशी परिसर)

प्रास्ताविक

पुणे-नाशिक महामार्ग इंद्रायणी ओलांडण्यापूर्वी ज्या गावातून जातो ते मोशी हे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. नागेश्वर महाराजांचे देवस्थान, नदीकाठची शेती आणि वाडे ही या गावाची जुनी ओळख होय. एका बाजूस भोसरीची व दुसऱ्या बाजूस चाकणची औद्योगिक वसाहत यांच्या मधोमध सापडल्याने गेल्या दोन-अडीच दशकांत तेथे बहुमजली गृहसंकुलांची दाटी झाली. ज्या पिढीचे बालपण विहीर, ओढा आणि नदी यांच्या सहवासात गेले तिची मुले आता सातव्या-आठव्या मजल्यावर वाढत आहेत. या घरांच्या दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संचाशेजारी दोन फुटी काचेची पेटी, तीत रंगीत खडे, प्लॅस्टिकची वनस्पती आणि चार-सहा सोनमासे हे दृश्य विरळ राहिलेले नाही.

या पेट्यांमधील पहिले मासे बहुधा पहिल्या पंधरवड्यातच मरतात. पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते. घरची मंडळी घाबरून सगळे पाणी काढतात, खडे नळाखाली खळखळून धुतात, नवे पाणी भरतात आणि आणखी दोन मासे दगावतात. दुकानदार त्यांच्या जागी दुसरे देतो. या सर्व व्यवहारात कोणाचीही लबाडी असतेच असे नाही. मासे सोडण्यापूर्वी पाणी ‘तयार’ व्हावे लागते आणि त्यास चार ते सहा आठवडे लागतात, ही गोष्ट युरोपातील शास्त्रज्ञांनाही मत्स्यपेटी घरोघर पोहोचल्यानंतर पुष्कळ वर्षांनी उमगली. हे ज्ञान कसे घडले आणि मोशीसारख्या ठिकाणच्या पाण्यात उतरताना त्याचे काय होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

काचपेटीपूर्वीचे जतन

मासे बाळगण्याची हौस आपल्याकडे परकी नाही. कल्याणीच्या चालुक्य राजवंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी पद्यांमुळे परिचित आहे. परंतु त्याच ग्रंथातील मत्स्यविनोद प्रकरणाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. त्यात सुमारे 35 प्रकारचे मासे, त्यांचा अधिवास आणि त्यांना घालावयाचे खाद्य यांचे वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र लेख लिहिला. तेथे हेतू गळ टाकून मासे धरण्याचा आहे, ही गोष्ट खरी. तथापि मासा कोठे राहतो आणि काय खातो हे जाणल्याविना तो हाती लागत नाही, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

याखेरीज विहिरीत मासे आणि कासव सोडण्याची चाल ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र होती. त्यांच्यामुळे पाणी निर्मळ राहते, अशी त्यामागील समजूत. येथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. विहिरीचे पाणी आधीच जिवंत असे. दगडी बांधकामावर शेवाळ आणि बुळबुळीत थर वर्षानुवर्षे जमलेला असे, आणि एवढ्या मोठ्या पाण्यात मासे मूठभर असत. नव्या काचपेटीत यातले काहीच नसते. स्वच्छ धुतलेली काच, धुतलेले खडे आणि क्लोरीनयुक्त पाणी घेऊन तिचा आरंभ होतो. विहिरीची सवय असलेल्या समाजाला पाणी ‘तयार करावे’ लागते ही कल्पनाच विचित्र वाटावी, हे स्वाभाविक आहे.

दख्खनच्या नद्यांतील माशांची पहिली शास्त्रीय मोजदाद कर्नल विल्यम सायक्स याच्या नावावर आहे. 1839 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वर्णनांत त्याने अनेक जातींना स्थानिक नावेच लॅटिन रूपात दिली. ‘खुद्री’ हे नाव धारण करणारा महासीर त्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतून मिळवला होता. कोलूस, पोटैल, जोराह अशी जातिनामे आजही जगाच्या प्राणिसूचीत वावरतात. मोशीच्या घरांतील पेट्यांत मात्र यांपैकी एकही मासा आढळत नाही. तेथे चीनमधून जगभर पसरलेला सोनमासा आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेले गप्पी, मॉली, एंजल हेच दिसतात.

दोन वॉरिंग्टन

मत्स्यपेटीचा आधुनिक इतिहास लंडनमध्ये सुरू होतो आणि त्यास कारण एक कर आहे. ब्रिटनमधील काचेवरील कर 1845 मध्ये रद्द झाला आणि मोठ्या काचा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. 1849 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या पात्रात दोन लहान सोनमासे आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजणारी पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. मासा कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजके खाते, असा हा समतोल त्याने 1850 मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. तीनच वर्षांत, 1853 मध्ये, लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले. 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. इंग्लंडमध्ये घरोघरी पेट्या आल्या. दशकभरात ही लाट ओसरली.

वॉरिंग्टनचा समतोल खोटा नव्हता, अपुरा होता. त्याने हिशेब केला तो प्राणवायूचा. मासा कल्ल्यांवाटे जो अमोनिया सतत पाण्यात सोडतो त्याचा हिशेब त्यात नव्हता. मोजक्या माशांच्या आणि भरपूर वनस्पतींच्या पेटीत ही उणीव झाकली जाई, कारण वनस्पती अमोनिया शोषून घेतात. मासे वाढले की पेटी ढासळे आणि कारण सापडत नसे. तरीही ‘समतोल पेटी’ची कल्पना जवळजवळ शंभर वर्षे टिकून राहिली. 1949 च्या सुमारास न्यूयॉर्कचे मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स ॲट्झ यांनी तिला उघडपणे मिथक ठरवले. सुंदर कल्पना चुकीच्या कल्पनेपेक्षाही उशिरा मरते, असे या प्रसंगी म्हणावेसे वाटते.

उणिवेचा दुसरा भाग शेतजमिनीत उलगडत होता. 1877 मध्ये श्लेझिंग आणि म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. वीस दिवस काहीच घडले नाही. त्यानंतर खाली येणाऱ्या पाण्यातील अमोनिया कमी होऊन नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. वाफ काढून थोड्या मातीचे पाणी घातले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. क्रिया रासायनिक असती तर तिने वीस दिवस वाट पाहिली नसती आणि क्लोरोफॉर्मला ती घाबरलीही नसती. याचा अर्थ ती कोणातरी सजीवाची होती. नव्या मत्स्यपेटीत जे घडते ते सर्व या एका नळीत सामावलेले आहे : आरंभीची निष्फळ वाट, विषाने होणारा खंड आणि जुन्या मातीच्या चिमटीने होणारा पुनरारंभ.

या शोधाची बातमी वाचून इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे जो संशोधक कामास लागला त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन होते. तो मत्स्यपेटीवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा. त्याने दाखवून दिले की ही क्रिया दोन टप्प्यांत होते. अमोनियाचे आधी नायट्राइट बनते आणि नायट्राइटचे मागाहून नायट्रेट. आणि दोन्ही टप्प्यांचे कर्ते जीव वेगळे असावेत. ते जीव त्याला अलग करता आले नाहीत. ते काम 1890 मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की याने केले. पित्याच्या पेटीत जी गोष्ट निसटली तिच्यामागे मुलगा शेतात बारा-तेरा वर्षे लागला, हा योगायोग विज्ञानाच्या इतिहासात विरळच म्हणावा लागेल. परंतु शेतीचे रसायनशास्त्र आणि दिवाणखान्यातील पेटी यांची सांगड घातली जाण्यास पुढे आणखी अर्धशतक लागले. भारतात तर या क्रियेचा व्यापारी उपयोग त्याहून जुना होता : बिहारमधील नोनिया समाज गुरांच्या गोठ्यांची व जुन्या वस्त्यांची माती खरवडून, पाण्यात धुऊन शोरा काढत असे, आणि तो शोरा म्हणजे सूक्ष्मजीवांनी अमोनियापासून घडविलेले नायट्रेटच होय.

पाच आठवडे आणि विरजण

मत्स्यपेटीच्या पूर्वतयारीची सर्वांत बोलकी समांतर कथा मँचेस्टरच्या गटाराची आहे. 1914 मध्ये अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी गिल्बर्ट फाउलर याच्या प्रेरणेने सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग केले. पहिल्या खेपेस त्यातील अमोनियाचे पूर्णपणे नायट्रेट होण्यास सुमारे पाच आठवडे लागले. त्यापूर्वीचे संशोधक अशा वेळी तळाचा गाळ फेकून देत. या दोघांनी तो ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी घातले. प्रत्येक खेपेस कालावधी घटत गेला आणि अखेरीस तो 24 तासांवर आला. आज जगभरच्या सांडपाणी प्रकल्पांत वापरली जाणारी पद्धत ती हीच. फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आला.

पाच आठवडे हा आकडा मत्स्यपेटी बाळगणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. नव्या पेटीत प्रथम अमोनिया वाढतो. साधारण दुसऱ्या आठवड्यात तो उतरू लागतो तेव्हा नायट्राइट चढते. ते उतरते तेव्हा नायट्रेट दिसते आणि मगच पेटी माशांसाठी सुरक्षित होते. अमोनियाने कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तातील लोहद्रव्याशी बांधले जाऊन रक्त तपकिरी करते; पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन गुदमरतो. हा विषारी काळ ओलांडण्यासाठी पूर्वी चिवट मासे बळी म्हणून आधी सोडले जात. अलीकडे माशांविना तयारीची रीत पुढे आली आहे : पेटीत पाणी, खडे आणि गाळणी बसवून तीत अमोनियाचे मोजके थेंब किंवा चिमूटभर माशांचे खाद्य घालायचे, पंप अखंड चालू ठेवायचा आणि चाचणीच्या संचाने आकडे पाहात राहायचे.

जुन्या, निरोगी पेटीतील गाळणीचा स्पंज नव्या पेटीत पिळला किंवा तिच्यातील मूठभर खडे आणून टाकले, तर हाच काळ निम्म्याहून कमी होतो. महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीला याचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये. दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय दही लागत नाही आणि विरजण शेजारणीकडूनच येते. आश्चर्य असे की ज्या घरात रोज रात्री विरजण लावले जाते त्याच घरात मत्स्यपेटीचा स्पंज नळाखाली चकचकीत धुतला जातो. स्वच्छता आणि शुद्धता या दोहोंतील भेद स्वयंपाकघराला कळतो, दिवाणखान्याला कळत नाही.

हे जीव पाण्यात तरंगत नाहीत. काच, खडे आणि स्पंज यांच्या पृष्ठभागावर चिकटून थर करून राहतात. म्हणूनच पाणी अंशतः बदलल्याने अपाय होत नाही, आणि खडे व स्पंज धुतल्याने मात्र सर्व तयारी मातीमोल होते. त्यांची ओळख तर अगदी अलीकडे नीट पटली. पाठ्यपुस्तकांत नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे शतकभर छापले गेले. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्या तपासून तेथे ते काम नायट्रोस्पायरा करतो असे दाखवले. 2015 मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची संपूर्ण क्रिया एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला. शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी एकाला तो मत्स्यसंवर्धनाच्या गाळणीत आढळला.

महाराष्ट्रातील मत्स्यालये

भारतातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय 1909 मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर सुरू झाले. मुंबईतील मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तारापोरवाला या पारशी दात्याची देणगी त्यामागे होती. नूतनीकरणानंतर ते 2015 मध्ये पुन्हा उघडले, मात्र पुढे इमारत धोकादायक ठरल्याने बंद करावे लागले. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी काचेमागचा मासा प्रथम तेथेच पाहिला. शालेय सहलींत तारापोरवाला ठरलेलेच असे. घरी पेटी असावी ही इच्छा त्या सहलींनी पेरली. पेटीमागील गाळण्या, पंप आणि तेथील कर्मचाऱ्यांची रोजची मेहनत प्रेक्षकाला दिसत नसे, हेही तितकेच खरे.

घरगुती पेटीचा प्रसार एका साध्या पदार्थामुळे झाला. पूर्वी काचा लोखंडी चौकटीत लांबी भरून बसवल्या जात. चौकट गंजे आणि लांबी सुटे. सिलिकॉनच्या चिकट द्रव्याने काच काचेला थेट जोडणे शक्य झाल्यावर कोणताही काच कापणारा कारागीर पेटी बनवू लागला. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत सुमारे 56 लिटर म्हणजे 56 किलो पाणी मावते. ती सपाट आणि भक्कम आधारावर ठेवून एक दिवस नुसते पाणी भरून गळती पाहणे, ही तयारीची पहिली पायरी कारागीर न चुकता सांगतो. पुढची पायरी तो सांगत नाही, कारण ती त्याच्या धंद्याच्या गतीत बसत नाही. महिन्याभराने मासे घ्यायला या, असे सांगणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

याच सुमारास, म्हणजे 1990 नंतर, फेंगशुई आणि वास्तुशास्त्राची लाट शहरी महाराष्ट्रात आली. पेटीची दिशा, माशांची संख्या आणि त्यांचा रंग यांविषयी सल्ले छापून येऊ लागले. त्यातील एक समजूत इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे : पेटीतील मासा मेला म्हणजे घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले. शोकाला दिलासा देणारी ही समजूत कारणमीमांसेचा दरवाजा मात्र बंद करते. अमोनियाने मेलेला मासा रक्षणकर्ता ठरतो आणि त्याच्या जागी त्याच पाण्यात दुसरा आणला जातो.

मोशीचे पाणी

नळाचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यालाही इतिहास असतो. पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः पवना धरणावर भागते. धरणापासून शहरापर्यंत बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी द्रुतगती महामार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा लागू झाला. अलीकडच्या वर्षांत आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीवरील निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रामार्गे या भागास देण्याची व्यवस्था उभी राहिली. जेथे हे पुरत नाही तेथे टँकर आणि कूपनलिका आहेतच. संकुलाच्या जमिनीखालील टाकीत हे सर्व एकत्र होते.

याचा परिणाम असा की एकाच नळाचे पाणी आठवड्याच्या दोन दिवशी वेगवेगळे असू शकते. धरणाचे पाणी मृदू. बेसाल्टच्या खडकातून आलेले कूपनलिकेचे पाणी जड आणि बहुधा अल्कधर्मी. सामू 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. म्हणजे तोच मासा, तेवढेच खाद्य, परंतु टँकर आल्याच्या दिवशी बदललेले पाणी त्याला मारू शकते. उलट अति मृदू पाण्यात सूक्ष्मजीवांच्या कामामुळे अल्कता संपत जाते आणि त्यांचे काम मंदावते. यावर उपाय खर्चिक नाही : बदलावयाचे पाणी बादलीत एक दिवस आधी काढून ठेवणे आणि एका वेळी पाव हिश्श्याहून अधिक न बदलणे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो. माणसासाठी तो रक्षक, पेटीतील जीवांसाठी तो श्लेझिंगच्या नळीतील क्लोरोफॉर्म. उघड्या बादलीत तो दिवसभरात उडून जातो. घाई असल्यास दुकानात मिळणारे ‘अँटिक्लोर’चे खडे चालतात, आणि हे खडे म्हणजे जुन्या छायाचित्रकारांच्या अंधारखोलीतील हायपो होय.

पेटी तयार झाली तरी नायट्रेट तीत साठतच राहते. ते पाणी काढून टाकावेच लागते आणि ते स्नानगृहाच्या जाळीतून चिखली किंवा चऱ्होलीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाकडे जाते, जेथे अर्डर्न-लॉकेटचीच पद्धत मोठ्या हौदांत चालते. शहरातील सर्व सांडपाणी तेथवर पोहोचत असते तर आळंदीच्या घाटाशी इंद्रायणीवर पांढरा फेस वारंवार दिसला नसता. ज्या नदीने तुकोबांची गाथा तारल्याची श्रद्धा महाराष्ट्र जपतो, तीच देहू-आळंदी दरम्यान प्रक्रिया न झालेले सांडपाणी वाहून नेते. नदीच्या तळाच्या दगडांवरही तेच सूक्ष्मजीव राहतात. परंतु त्यांना प्राणवायू हवा, वेळ हवा आणि त्यांच्यावर येणारा भार मर्यादित हवा. नव्या पेटीत एकाच दिवशी बारा मासे सोडल्यावर जे होते तेच येथे वर्षभर होत असते.

कंटाळून किंवा दयेपोटी पेटीतील मासे नदीत सोडण्याची प्रथाही याच काठावर आहे. काच चाटणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा उजनी जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यांत सापडू लागला आहे. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. मोशीजवळून वाहणारे पाणी तुळापूरला भीमेस मिळते आणि पुढे उजनीतच जाते.